आणि पिग्मी?

पुण्यातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या सभागृहात टेबलं बाजूला सारून भिंतभर तक्ता लावला आहे. डावीकडे, एकाखाली एक, बँकेत आज जे चालतं ते. वर, ओळीनं, नव्या संगणक प्रणालीत जे चालायला हवं ते. शेवटचा रकाना ‘बाद’, शेवटची ओळ ‘नवीन’. जुळलं तिथे बरोबरची खूण.

ही रीत टोगॅफची. १९९५ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या, संस्थांची संगणक-रचना आखण्याच्या ‘द ओपन ग्रुप’च्या आराखड्यातली. आजची एखादी गोष्ट उद्यात सापडली नाही, की विचारायचं: मुद्दाम काढली, की राहून गेली? टोगॅफच्या स्वतःच्या नमुना तक्त्यातही एक सेवा राहून गेलेलीच दाखवली आहे.

सल्लागार तरुण, आवाज शांत. “१९ लाख,” तो म्हणतो. एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं आपली खाती नव्या प्रणालीवर हलवली. ग्राहक ५२ लाख. त्यांतल्या १९ लाखांपर्यंत लोकांना खातंच उघडेना. डेटा सेंटरं दोन होती, भाराच्या चाचण्या एकावरच झाल्या होत्या. २०२२ मध्ये नियामकांनी सुमारे ४ कोटी ८६ लाख पौंड दंड लावला.

दुपारपर्यंत खुणा भराभर पडतात. चहा येतो.

“आणि पिग्मी?”

काउंटरवर उभी हयात गेलेल्या एक मॅडम मागच्या खुर्चीतून विचारतात. सल्लागार तक्ता वरून खाली वाचतो. पिग्मी ‘बाद’मध्ये नाही, डावीकडेही नाही. दुकानांतून, गाड्यांवरून रोजची दहा-वीस रुपयांची बचत गोळा करणारा एजंट, त्याच्या हातातलं मशीन, संध्याकाळी शाखेत उतरवायचे आकडे, यातलं काहीच नाही. उडुपीच्या, पुढे सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेनं १९२८ मध्ये सुरू केलेली ही योजना संगणक विभागाच्या यादीत नव्हती. मशीनं एजंटांकडे असतात, म्हणून.

उद्याचं चित्र विक्रेत्याच्या स्लाइडमध्ये तयार मिळतं. आजचं कुणाला तरी विचारावं लागतं.

“ते आता अ‍ॅपवर येईल ना,” एक अधिकारी म्हणतात.

“गाडीवर गिऱ्हाईक उभं असताना भाजीवाली अ‍ॅप उघडणार, साहेब?”

कुणी हसत नाही. “१९ लाख,” सल्लागार पुन्हा पुटपुटतो. या बँकेचे सगळे खातेदार मिळूनही तेवढे नाहीत. तो गुलाबी चिठ्ठीवर ‘पिग्मी’ लिहून डावीकडे डकवतो. वरच्या ओळीत मात्र कागद संपलेला. शिपाई नवा कागद आणायला जातो, तोवर मॅडम लॉकरच्या किल्ल्यांवर आलेल्या असतात.