सर्वांच्या डोक्याचा धंद्याला उपयोग कसा करावा?

धंद्यात अडचण आली की मशवरा घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कारीगर उस्तादाला विचारतो, दुकानदार मोठ्या भावाला विचारतो, फारच झाले तर बाजारातील एखाद्या जाणत्या माणसाकडे जातो. ही रीत चांगलीच आहे. पण तिची एक मर्यादा आहे. जाणता माणूस बहुधा तेच सांगतो, जे त्याने पूर्वी केलेले असते. अडचण नवीन असेल तर जुने उत्तर पुरत नाही. अशा वेळी उपयोगी पडणारी आणखी एक पद्धत आहे. तिला इंग्रजीत ब्रेनस्टॉर्मिंग म्हणतात, मराठीत विचारमंथन म्हणू या. मशवऱ्यात आपण जाणत्याला विचारतो, तर विचारमंथनात अजाणत्यालाही विचारतो. दोन्हींत हा मुख्य फरक आहे.

ही पद्धत अ‍ॅलेक्स ऑस्बर्न या अमेरिकन गृहस्थांनी बसवली. न्यूयॉर्कच्या बीबीडीओ या जाहिरात कंपनीचे ते एक भागीदार होते. १९५३ मध्ये ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकात त्यांनी तिचे नियम सविस्तर मांडले. ते चारच आहेत. बैठकीत कोणाच्याही कल्पनेवर टीका करायची नाही. कल्पना कितीही विचित्र असली तरी चालेल. जितक्या जास्त निघतील तितके बरे. आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायला मोकळीक. चारही नियमांचा मथितार्थ एकच, की कल्पना काढणे आणि ती पारखणे ही दोन कामे एकाच बैठकीत करू नयेत. आधी ताका पूर्ण उलगडू द्यावा, खोट मग काढावी.

ऐकायला हे सोपे वाटते, परंतु १९५८ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात याची परीक्षा झाली तेव्हा निकाल उलटा लागला. चार माणसे एकत्र बसून जितक्या कल्पना काढत होती, त्याच्या जवळजवळ दुप्पट कल्पना चार माणसांनी वेगवेगळे बसून काढल्या व नंतर एकत्र केल्या. १९८७ मध्ये जर्मनीतील डील आणि स्ट्रोबे या संशोधकांनी त्याचे मुख्य कारण शोधले. एक माणूस बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावे लागते, आणि तेवढ्यात डोक्यात आलेली गोष्ट निघून जाते.

आपल्या पेढ्यांवर तर याहून मोठे कारण आहे. शेठ आधी बोलतात, मग सगळे ‘बराबर आहे’ म्हणतात! वीस वर्षे नोकरीत असलेला सेल्समन शेठच्या तोंडावर वेगळे बोलणार नाही, आणि कालचा पोऱ्या तर मुळीच नाही. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही, ही अदब आहे. पण अदबीपायी कामाची गोष्ट आतल्या आत राहते.

यावर उपाय म्हणजे तोंडाऐवजी कागद वापरावा. १९६८ मध्ये बेर्न्ड रोरबाख या जर्मन गृहस्थांनी अशी एक पद्धत सांगितली. सहा माणसे बसतात, प्रत्येकाजवळ एक कागद. पाच मिनिटांत प्रत्येकाने तीन कल्पना लिहायच्या आणि कागद शेजाऱ्याला द्यायचा. शेजारी वरच्या कल्पना वाचून खाली आपल्या तीन लिहितो. सहा फेऱ्यांत म्हणजे अर्ध्या तासात १०८ कल्पना होतात. अर्थात हा कागदावरचा हिशेब झाला, काही एकसारख्याही निघतात.

मोठ्या कारखान्यांना हे नवीन नाही. जपानमध्ये १९६२ पासून कामगारांची गुणवत्ता मंडळे सुरू झाली. भारतात हैदराबादच्या भेल कारखान्यात १९८० च्या सुमारास पहिले मंडळ निघाले आणि पुढे आपल्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतही निघाली. मशीनवर काम करणारेच एकत्र बसून मशीनची अडचण सोडवतात. आपल्या समाजातील अनेक मुले तिथे नोकरीला आहेत. त्यांना घरच्या दुकानात एकदा ही बैठक घ्यायला सांगून पाहावे.

सर्वांत अवघड काम म्हणजे प्रश्न नीट मांडणे. ‘धंदा कसा वाढवावा?’ या प्रश्नाला ‘मेहनत करा’ हेच उत्तर मिळणार. पुण्यातच पाहा. कसबा पेठेतील तांबट आळीत पिढ्यान् पिढ्या बंब, हंडे, घंगाळी घडत आली. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम आल्यावर मागणी बसली. तांब्याची भांडी कशी खपतील, असे विचारून मार्ग निघण्यासारखा नव्हता. मठाराचे काम, म्हणजे हातोडीने ठोकून उठवलेली ती चमक, आणखी कशावर चालेल, असा विचार झाला तेव्हा डिझाइनरांच्या मदतीने जग, तबके, दिवे, शोभेच्या वस्तू निघाल्या. तिथे कोणी कागद फिरवले असा आमचा दावा नाही. प्रश्न बदलला की काय होते, एवढ्यापुरता हा दाखला.

आता आमचा अनुभव. २०२३ च्या जूनमध्ये एका शाळेने गणवेशाचा चौकडा ऐन हंगामात बदलला आणि आमचे ३८ ताके पडून राहिले. भांडवल अडकले, दिवाळीच्या मालाचे पैसे द्यायचे कुठून ही चिंता. दोन सेल्समन, हिशेबनीस, आमच्याकडून कापड नेणारे टेलर मास्टर, आमची सून आणि ताके वाहणारा हमाल असे सहा जण बसवले. आम्ही स्वतः बाहेर गल्ल्यावर बसलो, कारण मालक खोलीत असला की कागदही अदबीने लिहिले जातात. प्रश्न एवढाच दिला, ‘हा चौकडा शाळा सोडून कोणाच्या कामाचा?’ सर्वांनी देवनागरीतच लिहावे असे ठरवले. आमच्या घरचे शिक्षण उर्दू शाळेतले, आमच्यासारखी उर्दू सेल्समनला वाचता आली नसती. हमालाला लिहिणे जड जाते, म्हणून सून त्याचे लिहून देत होती.

एकूण ६१ गोष्टी निघाल्या. हॉटेलच्या वाढप्यांसाठी एप्रन, रजईचे अस्तर, पिशव्या, बरेच काही. एक ओळ हमालाची होती. शिवण क्लासच्या मुली सरावाला जुन्या चादरी फाडतात, त्यांना हे कापड द्या. त्याची बायको क्लासला जाते, हे आम्हाला कुठे ठाऊक होते?

पारख दुसऱ्या दिवशी केली, तिथे मात्र आम्ही बसलो. भाव, उधारी, वाहतूक या गोष्टी मताने ठरत नाहीत, त्या हिशेबानेच ठरतात. ६१ पैकी तीन ठेवल्या. दोन-दोन मीटरचे तुकडे करून १४ ताके शिवण क्लासना गेले, ९ एप्रनना, ११ पिशव्या शिवणाऱ्यांनी उचलले, ४ अजून पडून आहेत. भाव मुद्दलाच्या खालीच आला, पण पैसा मोकळा झाला आणि दिवाळीचे देणे वेळेवर गेले.

ज्याची कल्पना चालली त्याला सर्वांसमोर काहीतरी द्यावे. टोयोटा कंपनीत १९५१ पासून कामगारांच्या सूचनांना बक्षीस दिले जाते. आम्ही हमालाच्या हातावर त्या विक्रीचा काही हिस्सा ठेवला, आणि पुढच्या बैठकीचा प्रश्न त्यानेच सुचवला. पावसाळ्यात टेम्पोतून येणारा माल भिजतो, त्याचे काय करायचे?