सुरांची हुंडी : छोट्या मिडी कीबोर्डवर घरच्या स्तवनांची जपणूक

जुन्या जैन कुटुंबांच्या कपाटात स्तवनांची एखादी तरी वही हमखास असते. शाई फिकटलेली, कडा झिजलेल्या. तरी शब्द वाचता येतात. चाल मात्र त्या वहीत नसते. पानाच्या माथ्यावर फार तर एखाद्या जुन्या गीताचे नाव आणि त्यापुढे ‘याची चाल’ एवढाच उल्लेख असतो, आणि ते गीत आज घरात कोणालाच ठाऊक नसते. शब्द कागदावर टिकले, सूर आजीच्या गळ्यात राहिले. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात ती गाते तोवर चाल जिवंत असते. नंतर तेच शब्द पाठशाळेतील मुले एखाद्या चित्रपटगीताच्या सुरात म्हणू लागतात.

ही हानी अटळ नाही. हातभर लांबीचा, २५ स्वरपट्ट्यांचा एक छोटा मिडी कीबोर्ड आणि घरात बहुधा असलेला संगणक एवढ्या सामग्रीवर घरातल्या चाली जपता येतात, त्यांना साथ देता येते आणि त्या पुढच्या पिढीच्या गळ्याला साजेशा पट्टीत उतरविता येतात. या साधनाकडे बहुतेक घरांत नातवाचा छंद म्हणून पाहिले जाते. ते आजीच्या उपयोगाचेही आहे.

जैन परंपरेत संगीताचा विचार जुना आहे. स्थानांग आणि अनुयोगद्वार या आगमसूत्रांत सप्तस्वरांचे विवेचन आले आहे. जैन ग्रंथकार पार्श्वदेव यांचा ‘संगीतसमयसार’ संगीतशास्त्राचे अभ्यासक आजही वाचतात. स्वरांची नोंद ठेवण्याची आस्था या समाजाला नवी नाही. साधन तेवढे नवे आहे.

पेटी नव्हे, आज्ञापत्र

मिडी कंट्रोलर प्रथमच हाती घेणाऱ्याची एक निराशा ठरलेली असते. पट्टी दाबावी तर आवाजच येत नाही. वस्तू बिघडलेली नसते. या कीबोर्डात भाता नाही, सूर नाहीत आणि बहुतेकांत ध्वनिक्षेपकही नाही. तो संगणकाकडे केवळ निरोप धाडतो.

व्यापारी घरांना ही गोष्ट हुंडीच्या दाखल्याने चटकन उमगेल. हुंडी म्हणजे रोकड नव्हे. अमुक रक्कम अमुक व्यक्तीस द्यावी असा तो आदेश. पैसा द्यायचा तो पेढीने. मिडीचा निरोपही असाच असतो : अमुक क्रमांकाचा स्वर, अमुक जोराने, आता सुरू करावा, आता थांबवावा. स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक दिलेले असून पियानोवरचा मधला षड्ज ६० व्या क्रमांकावर येतो. पट्टी किती वेगाने दाबली गेली याचीही १२७ पर्यंतच्या आकड्यांत नोंद होते. प्रत्यक्ष नाद निर्माण करणारी ‘पेढी’ म्हणजे संगणकातील प्रणाली. तोच निरोप ती हार्मोनियमच्या नादात वठवील, बासरीच्या किंवा सतारीच्याही.

या भेदातच साधनाचे सामर्थ्य आहे. मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण ही रोकड झाली : जशी आली तशीच राहणार. मिडीची नोंद हा आदेश असल्यामुळे त्यातील एक चुकलेला स्वर पुसून दुरुस्त करता येतो, लय वाढविली तरी पट्टी चढत नाही आणि पट्टी बदलली तरी लय ढळत नाही. नोंद आकारानेही अत्यल्प असते. सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा घेते, तर एका अख्ख्या स्तवनाची मिडी नोंद काही किलोबाइटांत मावते.

एका मापाची कथा

गावोगावी शेर-पायलीची मापे निरनिराळी असताना व्यापारात जो घोळ होई, तसाच घोळ १९८० च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या जगात होता. एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी सहजी जोडता येत नसे. जपानमधील रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी एका सामाईक भाषेसाठी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील वाद्यव्यापाराच्या मेळाव्यात या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडली गेली आणि एकावर वाजविलेले दुसऱ्यावर ऐकू आले. तीच मिडी, अर्थात ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’.

व्यापाऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट पुढे आहे. ही भाषा वापरण्यासाठी कोणाकडूनही शुल्क न घेण्याचे ठरले. माप सर्वांसाठी खुले झाले, म्हणूनच ते सर्वत्र चालले. दोघांनाही २०१३ मध्ये या कार्यासाठी तांत्रिक ग्रॅमी सन्मान मिळाला. आजचा छोटा कीबोर्ड मूलतः तीच भाषा बोलतो.

खरेदीपूर्वी पाहावे असे काही

अकाई एमपीके मिनी, आर्टुरिया मिनिलॅब, नोव्हेशन लाँचकी मिनी ही या प्रकारातील परिचित नावे. तिन्हींत २५ छोट्या पट्ट्या, ताल वाजविण्यासाठी चौकोनी पॅड आणि काही फिरत्या कळा असतात. २५ पट्ट्या म्हणजे दोन सप्तके. साडेतीन सप्तकांच्या पेटीवर हात बसलेल्याला ती अपुरी वाटतील. परंतु सप्तक वर-खाली सरकविण्याची कळ असते आणि बहुतेक स्तवनांचा विस्तार दोन सप्तकांत सामावतो. पट्ट्या अरुंद असतात, ही मात्र खरी अडचण. मुलांच्या बोटांना त्या सोयीच्या ठरतात. मोठ्यांनी दुकानात प्रत्यक्ष हात ठेवून पाहावे.

दाबाच्या जोराप्रमाणे नाद लहान-मोठा होतो का, हे आवर्जून विचारावे. वीजपुरवठा यूएसबी तारेतूनच होत असल्यामुळे वेगळा अडॅप्टर लागत नाही. ॲपलच्या संगणकावर गॅरेजबँड ही प्रणाली विनामूल्य मिळते. विंडोजवर वेव्हफॉर्म फ्री विनामूल्य आहे, तर रीपर ६० दिवस वापरून पाहता येते. अनेक कंट्रोलरांसोबत एबलटन लाइव्हची लहान आवृत्ती येते; खोक्यातील कागद टाकून देण्यापूर्वी तो संकेतांक जपून ठेवावा. ऑडॅसिटी ही लोकप्रिय प्रणाली आवाज मुद्रित करण्यास उत्तम. मिडी वादन नोंदविण्यासाठी मात्र ती उपयोगी नाही.

पहिला दिवस

कीबोर्ड संगणकाला जोडावा, मग प्रणाली उघडावी आणि तिच्या सेटिंगमध्ये कीबोर्डचे नाव दिसते का ते पाहावे. नवा ‘ट्रॅक’ घेऊन त्याला एखादे वाद्य द्यावे. पट्टी दाबताच नाद आला, की निम्मे काम झाले.

नाद आला तरी तो क्षणभर उशिरा येणे, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. त्याची दोन कारणे तपासावीत. पहिले म्हणजे ब्लूटूथचे हेडफोन. ऐकण्यास ते सोयीचे असले तरी वादनाच्या वेळी तारेचेच वापरावेत. दुसरे कारण ‘बफर’. संगणक नादाचे कण थोडे साठवून मग सोडतो, त्या साठ्याचे हे नाव. सेकंदाला ४४,१०० कणांच्या हिशेबाने १०२४ कणांचा बफर असेल तर केवळ त्यापायी सुमारे २३ सहस्रांश सेकंद जातात. १२८ वर आणला तर जेमतेम ३. विंडोजवर यासाठी ‘असिओ’ प्रकारचा ड्रायव्हर निवडावा. बफर फार कमी केल्यास आवाजात खरखर येते. तशी आल्यास एक पायरी वर जावे.

पहिले काम : एक स्तवन

सरावासाठी परदेशी सुरावटी शोधण्यापेक्षा घरातील एक स्तवन घ्यावे. क्रम असा ठेवावा.

प्रथम आजी-आजोबांचे गायन, कोणतीही साथ न देता, मोबाइलवर मुद्रित करावे. पंखा बंद असावा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर स्थिर ठेवावा. त्यांना ठेका देऊ नये, मधे थांबवू नये. त्यांचा श्वास, कंप, शब्दांवरचे गावाकडचे वळण हे मिडीत उतरत नाही. म्हणून या मूळ मुद्रणास कधीही हात लावू नये.

मग त्यांचा सूर शोधावा. भजनी मंडळात ज्याला काळी तीन, पांढरी चार म्हणतात ती पट्टी कीबोर्डवर तशीच सापडते. तंबोऱ्याचा अखंड नाद एका ट्रॅकवर लावून दुसऱ्यावर चाल हळूहळू वाजवावी. चूक झाल्यास तो स्वर पडद्यावर दिसतो. तो उचलून योग्य जागी ठेवता येतो. चाल बसली, की ती आजींनाच ऐकवावी. “इथे सूर खाली येतो,” असे त्या सांगतील, आणि ती दुरुस्ती हेच या कामाचे सर्वांत मोलाचे फळ.

त्यानंतर ताल. पुष्कळ स्तवने आठ मात्रांच्या केरव्यात किंवा सहा मात्रांच्या दादऱ्यात बसतात. पॅडवर ते बोल वाजविता येतात. अहिंसेच्या दृष्टीने चर्मवस्तू टाळणाऱ्या घरांना येथे एक समाधान आहे. तबला, मृदंग, ढोलकी यांच्या मुखावर जनावराचे कातडे असते. प्रणालीतील तबल्याचा ध्वनीही बहुधा खऱ्या तबल्यावरूनच मुद्रित केलेला असतो हे खरे, परंतु घरात नवे कातडे येत नाही.

शेवटी पट्टी बदलून पाहावी. आजींचा सूर काळी तीन असेल आणि पाठशाळेतील मुलांना काळी पाच सोयीची असेल, तर संपूर्ण नोंद ४ अर्धस्वर वर सरकविली की काम झाले. तीच चाल, तोच ठेका, मुलांचा गळा.

मर्यादा आणि मर्यादापालन

या साधनाची मर्यादाही जाणून घ्यावी. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पट्ट्यांवर उमटत नाही. हार्मोनियमवरही हाच आक्षेप होता. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने त्या वाद्यास दूर ठेवले होते. कंट्रोलरवर स्वर वाकविण्याची सोय असते, तिने थोडे साधते. पण गळ्याची बरोबरी होत नाही. ‘क्वांटाइझ’ ही दुसरी मोहक सोय. ती प्रत्येक स्वर तालाच्या खुणेवर नेमका सरकविते. भक्तिगीतातील किंचित रेंगाळणे तीत नाहीसे होते, म्हणून ती जपूनच वापरावी.

काही साधु-साध्वींच्या परंपरेत ध्वनिवर्धक आणि विजेची साधने वर्ज्य असतात. त्यांच्या सान्निध्यात तो नियमच प्रमाण. हे साधन श्रावकांच्या घरासाठी आणि पाठशाळेसाठी आहे.

चित्रपटगीताच्या चालीवर बांधलेले स्तवन घरात गाणे वेगळे आणि ते प्रसिद्ध करणे वेगळे. भारतीय कायद्यानुसार संगीतरचनेचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. परंपरेने आलेल्या चालीला ही अडचण नाही. ती जपण्याचे हे आणखी एक कारण.

काम पूर्ण झाल्यावर नोंद तीन रूपांत ठेवावी : प्रणालीची मूळ फाइल, स्वतंत्र मिडी फाइल आणि ‘वेव्ह’ स्वरूपातील ध्वनिमुद्रण. प्रणाली बदलतात आणि जुन्या फाइली उघडेनाशा होतात; उरलेली दोन रूपे पुष्कळ काळ चालतात. नावात स्तवन, गाणाऱ्याचे नाव, मूळ गाव आणि दिनांक यावा. एक प्रत घरात, दुसरी अन्यत्र असावी. हिशेबाच्या वह्या ज्या शिस्तीने जपल्या, तीच शिस्त येथे लागते.

राहिला प्रश्न परिग्रहाचा. या छंदात नवनवे आवाज, नवी प्रणाली, मोठा कीबोर्ड यांचा मोह फार. खरेदी वाढते आणि वादन मागे राहते. परिग्रह-परिमाणाचे व्रत जाणणाऱ्यांनी आरंभीच मर्यादा आखून घ्यावी : एक कीबोर्ड, एक तारेचा हेडफोन, एक प्रणाली, आणि दहा स्तवने पूर्ण झाल्याखेरीज नवे काही नाही. दहा चाली नोंदवून होईपर्यंत आणखी काय हवे, किंवा काहीच नको, हे ज्याचे त्याला कळून येते.

पर्वाला अवकाश असताना, घरात सवड असताना हे काम आरंभावे. कीबोर्ड पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल. गळ्याचे ध्वनिमुद्रण मात्र मोबाइलवर याच आठवड्यात करून ठेवावे.