सूचनाफलकावरचा शिळा कायदा

प्रसूतीची पगारी रजा १ एप्रिल २०१७ पासून १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पण ज्या कारखान्याच्या भिंतीवर त्याआधी छापलेला तक्ता अजून टांगलेला आहे, तिथली एखादी मुलगी तो वाचून आजही १२ आठवड्यांचाच अर्ज लिहील. तक्ता कंपनीनेच लावलेला, वर कायद्याचं नाव ठळक अक्षरांत. तिने त्यावर विश्वास का ठेवू नये? पहिल्या दोन मुलांसाठी मिळणाऱ्या हक्काच्या १४ आठवड्यांना ती मुकेल आणि तिला फसवायचं कुणाच्या मनातही नसेल.

कामगार कायद्यांच्या फलकांबद्दल मालकांत, एचआर विभागांत आणि खुद्द कामगारांत जे गैरसमज आहेत, त्यांतले बहुतेक एकाच समजुतीतून निघतात: फलक ही निरीक्षक आल्यावर त्याला दाखवायची वस्तू आहे. तसं असतं तर कामगारांना समजणाऱ्या भाषेत आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर लावा, असं सांगायची कायद्याला गरजच नव्हती. १९४८च्या कारखाने अधिनियमाने तर फलक स्वच्छ आणि वाचता येईल अशा स्थितीत ठेवायलाही सांगितलं होतं.

गैरसमज: एकदा लावला की काम झालं.

वस्तुस्थिती अशी की फलकावरच्या वेगवेगळ्या कागदांचं आयुष्य वेगवेगळं असतं. कायद्याचा गोषवारा काही वर्षं टिकतो, पण तोही कायमचा नाही. उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, कमाल मर्यादा २९ मार्च २०१८ रोजी १० लाखांवरून २० लाख रुपये झाली. बालकामगारांबाबतचा कायदा २०१६ साली बदलला. १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी आली (घरच्या व्यवसायासारखे मोजके अपवाद सोडून) आणि १४ ते १८ वयाच्या किशोरांना धोक्याच्या कामांची बंदी आली. शिक्षाही वाढली. पूर्वी किमान दंड १० हजार होता, तो २० हजार झाला; कमाल दंड २० हजारांवरून ५० हजारांवर गेला. जुन्या पत्र्याच्या पाटीवर यातलं काहीच नसतं.

सर्वांत लवकर शिळा होणारा कागद म्हणजे किमान वेतनाचे दर. महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात, मूळ दर आणि त्यावरचा विशेष भत्ता. हा भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाला जोडलेला आहे आणि तो वर्षातून दोनदा ठरतो, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. शिवाय दर परिमंडळानुसार आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीनुसार वेगळे. म्हणजे या एका कागदाला सहाच महिन्यांचं आयुष्य आहे. ऑगस्टमध्ये जर भिंतीवर जानेवारीचा दर असेल, तर हातात पगाराची पावती घेऊन फलकासमोर उभा राहिलेला हेल्पर चुकीच्या आकड्याशी आपला पगार ताडून पाहतो आणि बरोबर आहे म्हणून परत जातो. मला हे फार गंभीर वाटतं. कोरी भिंत असती तर त्याने निदान कुणाला तरी विचारलं असतं.

गैरसमज: चार संहिता आल्या, आता जुनं सगळं काढून टाका.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता अमलात आणल्या. वेतन संहिता २०१९ची. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा-आरोग्य या तिन्ही २०२०च्या. २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले. त्यामुळे किमान वेतन अधिनियम, वेतन प्रदान अधिनियम, कारखाने अधिनियम अशा मथळ्यांचे तक्ते आता जुने झाले हे खरं. वेतन संहितेनुसार दर्शनी जागेच्या सूचनाफलकावर संहितेचा गोषवारा, वर्गवारीनुसार वेतनदर, वेतनाचा कालावधी, पगाराचा दिवस व वेळ आणि त्या भागाच्या निरीक्षक तथा सुविधाकाराचं नाव-पत्ता एवढं लिहावं लागतं. मजकुरात बदल होतो तो असा: मुदतीच्या करारावर नेमलेल्या कामगाराला आता एका वर्षाच्या सेवेनंतरही उपदानाचा हक्क आहे. ‘सलग ५ वर्षं’ एवढंच सांगणारा जुना तक्ता वाचून असा कामगार आपल्या पैशांवर पाणी सोडेल.

पण सगळेच कायदे संहितांत गेलेले नाहीत, आणि घाईघाईने भिंत मोकळी करणारे इथेच चुकतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३चा कायदा त्या २९मध्ये नाही. बालकामगारांबाबतचा १९८६चा कायदाही नाही. महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना अधिनियम राज्याचा आहे, तोही वेगळाच राहिला. शिवाय जुन्या कायद्यांखालचे नियम आणि अधिसूचना नव्या तरतुदींशी विसंगत नसतील तेवढ्या मर्यादेत संक्रमणकाळात चालू राहतात. तेव्हा एकेक कागद वाचूनच काय काढायचं, काय ठेवायचं हे ठरवावं लागतं.

गैरसमज: तक्रार समितीची नावं एचआरकडे आहेत, हवी त्या बाईने मागावीत.

मला सर्वांत जास्त खटकणारा गैरसमज हाच. २०१३च्या कायद्याने दोन गोष्टी दर्शनी भागात लावायला सांगितल्या आहेत: लैंगिक छळाचे दंडात्मक परिणाम आणि अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश. समिती १० किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे बंधनकारक आहे. अध्यक्षपदी वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. माणसं नोकरी सोडतात, त्यांच्या बदल्या होतात, आणि फलकावर मात्र वर्षापूर्वी गेलेल्या अध्यक्षांचं नाव नि बंद पडलेला मोबाइल नंबर तसाच राहतो.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. जिच्यावर प्रसंग गुदरला आहे ती कुणाला न विचारता, कुणाच्या नजरेत न भरता, आधी फलकाकडेच जाईल. तिथला नंबर लागला नाही तर तिला एचआरच्या टेबलापाशी जाऊन नावं मागावी लागतील, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो कदाचित त्याच मजल्यावर बसत असेल. तीन महिन्यांतले किती दिवस या घालमेलीत जातील? १२ मे २०२३ रोजी ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समित्यांच्या अशाच ढिलाईवर चिंता व्यक्त केली आणि समितीची रचना, संपर्क क्रमांक, ईमेल व तक्रारीची पद्धत संकेतस्थळावर सहज सापडेल अशी ठेवून ती वेळोवेळी अद्ययावत करायला सांगितलं. समिती न नेमण्यासह या कायद्याच्या उल्लंघनाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे; पुन्हा तेच घडलं तर दुप्पट शिक्षा आणि परवाना रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

‘आमचं पाच-सहा जणांचं ऑफिस, आम्हाला हे लागू नाही’ असंही ऐकू येतं. १०पेक्षा कमी माणसं असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागत नाही, पण तिथल्या महिलेची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि दंडात्मक परिणामांची सूचना लावायची जबाबदारी प्रत्येक मालकावर आहे. वेतन संहितेतल्या फलकाच्या सक्तीतूनही शेती किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसं ठेवणाऱ्यालाच सूट आहे.

गैरसमज: मराठी पाटी लावली, म्हणजे भाषेचं काम झालं.

दुकानावरचं नाव देवनागरी मराठीत ठळक असावं हा २०२२च्या दुरुस्तीचा नियम नामफलकाचा आहे. आतल्या सूचनाफलकाचा त्याच्याशी संबंध नाही. तिथे प्रश्न असतो बहुसंख्य कामगारांना कोणती भाषा समजते हा. चाकणला किंवा तळोज्याला ज्या शेडमध्ये बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली माणसं मोठ्या संख्येने आहेत, तिथे इंग्रजीबरोबर मराठी लावून थांबणं पुरेसं नाही. हिंदीतला फलकही हवा. आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी सुपरवायझरने फलकापाशी उभं राहून नवा दर मोठ्याने सांगावा. कायदा हे मागत नाही, पण पाच मिनिटांचं काम आहे.

‘आम्ही सगळं व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो’ याचं उत्तरही इथेच आहे. जरूर टाका, पण कायदा दर्शनी जागेबद्दल बोलतो. कॅन्टीनमधल्या मावशींना कंपनीचा ईमेल नसतो आणि रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड त्या ग्रुपमध्ये नसतो.

तयार छापील तक्ते विकत घ्यायला हरकत काहीच नाही. फक्त विकणारा ‘सरकारमान्य’ म्हणाला म्हणून त्यावर विसंबू नका. मूळ मजकूर सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतो. तक्त्यावर छपाईची तारीख नसेल तर तो घेऊ नये, असं माझं मत आहे.

कामगारांच्या बाजूनेही एक गैरसमज आहे, आणि तो जास्त नुकसान करतो: फलकावर नाही, म्हणजे आपल्याला मिळत नाही. हक्क कायद्याने दिलेला असतो. फलक जुना असला, फाटलेला असला किंवा नसलाच, तरी २६ आठवडे २६च राहतात. जुन्या दराने पगार मिळाला असेल तर फरकाची रक्कम मागता येते, आणि ‘आमच्या बोर्डावर हाच दर आहे’ हे मालकाचं उत्तर टिकत नाही.

अद्ययावत ठेवणं अवघड नाही. एका माणसाच्या नावावर हे काम द्यावं आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी लावल्याची तारीख लिहावी. वर्षातून दोनदा विशेष भत्त्याची अधिसूचना निघाली की त्याच फेरीत समितीची नावं, फोन नंबर, सुविधाकाराचा पत्ता तपासून घ्यावा. समितीतला माणूस नोकरी सोडेल त्या दिवशी मात्र पुढच्या फेरीची वाट पाहू नये. जुना कागद काढून फाइलला लावावा. त्यावर नवा चिकटवला तर कडेने जुने आकडे डोकावत राहतात.

ही फेरी मारताना कंत्राटी कामगार कोणत्या दाराने आत येतात तेही पाहावं. पुष्कळ ठिकाणी त्यांचं फाटक वेगळं असतं, मागच्या बाजूला, आणि सूचनाफलक असतो ऑफिसच्या दाराशी. त्यांचे वेतनदर, कामाचे तास आणि पगाराची तारीख त्यांच्या कामाच्या जागीच लागली पाहिजे, आणि ठेकेदाराने ती लावली आहे ना हे ज्याच्या आवारात काम चालतं त्या मालकाने स्वतः जाऊन बघायला हवं.