नागिणीचा विळखा आणि पन्नाशीनंतरची लस

‘नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस वाचत नाही,’ हे ऐकलं नाही असं मराठी घर विरळाच. म्हणून कमरेवर किंवा छातीवर पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा उठला, की आधी शोध सुरू होतो तो गेरूचा लेप लावणाऱ्याचा. डॉक्टरांची पाळी येते चौथ्या-पाचव्या दिवशी.

नागीण होते ती कांजिण्यांच्याच विषाणूमुळे. लहानपणच्या कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीरातून जात नाही. मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो वर्षानुवर्षं सुप्त राहतो. वयामुळे किंवा आजारपणामुळे प्रतिकारशक्ती कमी झाली, की एखाद्या तंतूच्या वाटेने तो त्वचेपर्यंत येतो. हा तंतू शरीराच्या एकाच बाजूचा असल्याने पट्टा बहुधा मध्यावर थांबतो. विळखा पुरा होतच नाही!

धास्ती घ्यायची तर ती नंतरच्या वेदनेची. पुरळ दोन-चार आठवड्यांत सुकतं, पण दुखावलेल्या तंतूची आग काहींना महिनोन्‌महिने सोडत नाही. अंगातल्या सदऱ्याचा स्पर्शही सोसत नाही, झोप उडते, नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. वय जितकं जास्त, तितका हा धोका मोठा.

नागीण टाळणारी लस २०२३ पासून भारतात मिळते. पन्नाशीपुढच्यांना तिचे २ डोस २ ते ६ महिन्यांच्या अंतराने देतात. चाचण्यांमध्ये तिने ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण दिलं. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण येते, इतकंच बहुतेकांना जाणवतं. नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते. खरी अडचण किमतीची. सरकारच्या नियमित लसीकरणात ती नाही आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला हा खर्च जड जातो. पण नातवाच्या लसीकरणाचं कार्ड जपणाऱ्या घरांत आजी-आजोबांच्या लशीचा विषयही निघत नाही, त्याला केवळ किंमत कारण नसावी.

लस घेतलेली नसेल, तर अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन फोड येताच डॉक्टरांना दाखवा. विषाणूरोधक गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी पडतात. डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवा. घरात तान्हं बाळ किंवा कांजिण्या न झालेली गरोदर सून असेल, तर या फोडांतल्या पाण्यातून त्यांना कांजिण्या होऊ शकतात.