तिसऱ्या कॅचरचे आजोबा

मार्चचा शेवटचा शनिवार, ओहायोतलं एक छोटं कॉलेज, तापमान चार अंश. अंगात दोन स्वेटर, वर जावयाचं जाकीट, मांडीवर ब्लँकेट, आणि बुडाखाली फोल्डिंगची खुर्ची. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, "तुमची कितव्या नंबरची?" म्हटलं, "सतरा." त्यांनी मैदानभर नजर फिरवली. सतरा नंबर मैदानात कुठेच नव्हता. तो कुंपणापलीकडच्या बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या सरावाच्या जागेत, आमच्याकडे पाठ करून उकिडवा बसलेला होता.

आमची नात तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि सॉफ्टबॉल संघातली तिसरी कॅचर होती. पहिल्या दोघी धडधाकट असेपर्यंत तिचं काम एकच: राखीव पिचरांचे सरावाचे चेंडू झेलणं. 2025 चा अख्खा मोसम, फेब्रुवारी ते मे, मी आणि आमच्या मंडळींनी तिच्यामागे घालवला. आमच्या वयाची माणसं अमेरिकेला जातात ती उन्हाळा गाठून. आम्ही थंडी गाठली, कारण हा खेळच तिथे थंडीत सुरू होतो.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला सॉफ्टबॉल आधी चिमुकला वाटतो. सात डाव, बेसेसमधलं अंतर साठ फूट, तासा-दोन तासांत निकाल. मग आकडे कळतात. क्रिकेटची खेळपट्टी 66 फुटांची. कॉलेजच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर उभी असते 43 फुटांवर. हात पवनचक्कीसारखा गरकन फिरवून ती खालून चेंडू सोडते, आणि चांगल्या पिचरचा वेग ताशी साठ-पासष्ट मैल असतो. बॅटवालीला अर्धा सेकंदसुद्धा मिळत नाही. चेंडू नावालाच मऊ. घेर बारा इंच, वजन क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जास्त, रंग लिंबासारखा पिवळा. असे दीडदोनशे चेंडू रोज झेलणाऱ्या पोरीच्या डाव्या तळव्याला तर्जनीच्या मुळाशी एक निळसर फुगवटा येतो. तो मी पहिल्यांदा पाहिला ती पोळीचा तुकडा मोडत असताना. तेव्हापासून मला या खेळाला सॉफ्ट म्हणवत नाही.

हे नाव मिळालंही उशिरा, 1926 मध्ये. खेळ त्याच्या बराच आधीचा. 1887 च्या थँक्सगिव्हिंगला शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही तरुण येल आणि हार्वर्डच्या फुटबॉल सामन्याची तार येण्याची वाट पाहत बसले होते. निकाल आला, कुणीतरी आनंदात बॉक्सिंगचा ग्लोव्ह भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉकने तिथेच खडूने मैदान आखलं. म्हणजे बेसबॉलची ही बंद खोलीतली, थंडीतली आवृत्ती. तिची पोरं बाहेर पडली आणि आता थंडीतच उघड्यावर खेळतात, हा विनोद मला एकट्यालाच सुचला असावा, कारण सांगितल्यावर कुणी हसलं नाही.

मुलींच्या हाती हा खेळ असा पक्का लागला त्यामागे एक कायदा आहे. जून 1972 मध्ये निक्सन यांनी सही केलेला 'टायटल नाइन'. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कुणाला डावलता येणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. त्यातून कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले, आणि मुलांच्या बेसबॉलसमोर मुलींचा सॉफ्टबॉल उभा राहिला. 1982 मध्ये एनसीएएने, म्हणजे तिथल्या कॉलेज-क्रीडेच्या मुख्य संघटनेने, मुलींची पहिली सॉफ्टबॉल अजिंक्यपद स्पर्धा ओमाहाला भरवली. ती यूसीएलएने जिंकली.

एनसीएएच्या तीन पायऱ्या आहेत. वरची पहिली डिव्हिजन: तिथे शिष्यवृत्त्या, टीव्ही, आणि 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेण्याची मुभा. टेक्सस टेकची पिचर निजारी कॅनडी हिचा करार दहा लाख डॉलरहून मोठा होता. आमची नात तळच्या, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायचीच नाही असा नियम आहे. म्हणजे मुलगी दहा वर्षांची असल्यापासून क्लबची फी, बॅटी, ग्लोव्ह, गावोगावच्या स्पर्धांची मोटेलं यांवर हजारो डॉलर घालवायचे, आणि शेवटी कॉलेजची फीही आपणच भरायची. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस या नात्याने सांगतो, हा सरळ बुडीत कर्जाचा व्यवहार आहे. तो करणारी शेकडो माणसं मला भेटली, आणि त्यांतलं एकही वसुलीची भाषा बोललं नाही.

एका दिवशी एका संघाशी बहुतेक दोन सामने असतात. मधल्या अर्ध्या तासात खेळाडूंना खाऊ घालण्याचं काम पालकांकडे. पार्किंगमध्ये टेबलं लागतात, सँडविच, फळं, चिलीचं मोठं भांडं. आम्ही पडलो सांगलीचे; हिने भडंग न्यायचं ठरवलं. व्यवस्था पाहणाऱ्या आईचा लगेच फोन आला, शेंगदाणे आहेत का? संघात एकीला ॲलर्जी होती. शेंगदाण्यांशिवाय भडंग ही कल्पना हिला दोन दिवस सहन होईना. शेवटी शेंगदाणे वगळून, लसूण जरा जास्त घालून, वेगळ्या धुतलेल्या कढईत ते झालं. पाच मिनिटांत डबा रिकामा. पुढच्या शनिवारी पोरी टेबलाशी येऊन "बडांग" कुठाय विचारू लागल्या. त्या दिवसापासून आम्ही सतरा नंबरवाले राहिलो नाही, बडांगवाले झालो.

माझं काम वहीचं. स्कोअर लिहायला मी जावयाकडून शिकलो. पिचर एक, कॅचर दोन, असं प्रत्येक जागेला आकडा. 6-4-3 लिहिलं की शॉर्टस्टॉपने सेकंड बेसकडे, तिने फर्स्टकडे फेकून दोघींना बाद केलं, हे जाणकाराला समजतं. तीन स्ट्राइकवर बाद झाली तर इंग्रजी के. शेवटच्या चेंडूला बॅटच हलवली नाही तर तोच के उलटा. रोजकीर्द आणि खतावणी लिहिलेल्या हाताला हे फार मानवलं.

एक गोष्ट मात्र खुपली. धावफलकावर धावा आणि हिट यांच्या शेजारी तिसरा रकाना असतो, चुकांचा. आपल्याकडे सुटलेला झेल लोक जन्मभर विसरत नाहीत, पण तो फलकावर चढत नाही. इथे एकोणीस वर्षांच्या पोरीच्या हातून चेंडू निसटला की क्षणभरात रकान्यातला आकडा वाढतो, आणि खुर्च्यांच्या रांगेत एक कुटुंब एकदम गप्प होतं. बाकीचे सगळे त्या वेळी दुसरीकडे बघतात. हा शिष्टाचार मला कुणी सांगितला नाही, आपोआप समजला.

आमच्या नातीचा हिशेब: 37 सामन्यांपैकी 8 मध्ये मैदानात, बॅटिंग 13 वेळा, हिट 3. सरासरी .231. तिथे ती "दोनशे एकतीस" अशीच बोलतात. मी तसंच फोनवर सांगितलं, आणि सांगलीच्या मित्राला वाटलं पोरीने द्विशतक ठोकलं. मी दुरुस्ती केली नाही.

पण या हिशेबात बुलपेन येत नाही. म्हणून एप्रिलमधल्या एका शनिवारी मी मैदानाकडे पाठ केली आणि कुंपणाला खुर्ची लावून वहीत फक्त रेघा ओढल्या. दोन सामने मिळून 212 चेंडू. त्यांतले नऊ तिच्या मागे गेले, चार अंगावर आदळले. रात्री गाडीत तिला वही दाखवली. "आजोबा, तू वॉर्म-अप मोजलेस? कोचपण मोजत नाही." मग बराच वेळ ती पानं उलटत राहिली आणि म्हणाली, "नऊ नाही, सात. दोन वाइल्ड होते, ते माझे नाहीत." मी खोडून सात केले.

या खेळातली मला सर्वांत आवडलेली गोष्टही पार्किंगमध्येच कुणीतरी सांगितली. एप्रिल 2008, वॉशिंग्टन राज्यातलं एलेन्सबर्ग. वेस्टर्न ओरेगनच्या सारा टकोल्स्कीने चेंडू कुंपणाबाहेर मारला आणि पहिल्या बेसपाशी तिचा गुडघाच गेला. बेसना पाय लावल्याशिवाय होमरन पुरा होत नाही, आणि तिच्या सहकाऱ्यांनी हात लावायचा नाही, असं पंचांचं म्हणणं. तेव्हा सेंट्रल वॉशिंग्टनच्या, म्हणजे समोरच्या संघाच्या, मॅलरी होल्टमन आणि लिझ वॉलेस पुढे झाल्या. दोघींनी तिला हातांच्या पाळण्यात उचललं आणि प्रत्येक बेसवर थांबून तिचा पाय अलगद टेकवत घरी आणलं. सामना होल्टमनचा संघ 4-2 हरला.

मे महिन्यात आमचा मोसम संपला. जूनमध्ये ओक्लाहोमा सिटीतली पहिल्या डिव्हिजनची अंतिम मालिका टीव्हीवर पाहिली. पहिल्या सामन्यात दहा लाखांची कॅनडी टेक्सस विद्यापीठाच्या रीस ॲटवुडला मुद्दाम बाहेरचे चेंडू टाकून फुकट बेस देत होती. ॲटवुडने त्यातलाच एक पुढे वाकून टोलवला, दोन धावा आल्या, सामना 2-1. पुढे टेक्ससने पहिलं अजिंक्यपद घेतलं. नात ओरडली ती ॲटवुडसाठी, कारण तीही कॅचर. 2028 च्या ऑलिंपिकचं सॉफ्टबॉल लॉस एंजेलिसला नाही, याच ओक्लाहोमाच्या मैदानावर आहे.

जुलैत परतलो. सॉफ्टबॉल आपल्या शालेय क्रीडास्पर्धांतही आहे, हे मला सत्तरीपर्यंत ठाऊक नव्हतं. सप्टेंबरमध्ये मुलींचा एक सामना पाहायला गेलो. मैदान ओलं, चुन्याच्या रेघा अर्ध्या वाहून गेलेल्या, पिचिंग मात्र खणखणीत. दोन्ही संघ मिळून तिसेक मुली, आणि बघायला आलेली घरची माणसं किती, तर एक वडील, तेही हेल्मेट न काढता. गॅदरिंगला हीच घरं पहिल्या रांगेसाठी भांडतात. सवलतीच्या गुणांचं प्रमाणपत्र आलं की ते मात्र जपून फायलीत जातं.

तुमच्या तालुक्यातल्या स्पर्धांचं वेळापत्रक शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे मिळेल. नात खेळत असेल तर जा; राखीव असेल तर नक्कीच जा. खुर्ची घरून न्या, तिथे नसते.