मोडण्यापूर्वीं सावध करणारी तुळई

३ जुलै २०१८ रोजीं सकाळीं, ऐन पावसांत, अंधेरी स्टेशनाजवळील गोखले पुलाचा पादचारी मार्ग रेल्वेच्या रुळांवर कोसळला. चौकशींत जीं कारणें पुढें आलीं त्यांत लोखंडाचा गंज हें एक प्रमुख होतें. उपनगरांतील गृहस्थाला हा शत्रु परका नाहीं. बोरिवलीच्या सज्जांतून अथवा मुलुंडच्या स्वयंपाकघराच्या छतांतून सिमेंटची खपली गळून आंतील तांबूस सळई उघडी पडलेली त्यानें पाहिलेली असते. लोखंडाच्या जागीं न गंजणारें कांहीं घालतां येणार नाहीं काय, असा प्रश्न त्याच्या मनांत सहजच उभा राहतो.

उत्तरासाठीं प्रथम तुळईचें काम समजून घेतलें पाहिजे. दोन भिंतींवर टेकविलेल्या तुळईवर भार पडला म्हणजे ती किंचित् वांकते; तिचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसतें, ताण मात्र त्याच्या सुमारें एक दशांशच. म्हणून खालच्या बाजूस पोलादी सळया घालतात. समुद्राकांठची खारट, दमट हवा सूक्ष्म भेगांतून आंत शिरली कीं सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो व भोंवतालचें काँक्रीट फोडून टाकतो.

या पोलादाऐवजीं कांचेचे किंवा कार्बनचे बारीक तंतु इपॉक्सीसारख्या राळेंत घट्ट बसवून केलेल्या सळया, पट्ट्या व पोकळ पेट्या आतां मिळतात. त्या गंजत नाहींत. कांचतंतूंची सळई वजनानें पोलादाच्या जवळजवळ चौथाई असते. कार्बनची पट्टी ताण सोसण्यांत साध्या सळईच्या चार-पांच पट भरते. स्वित्झर्लंडांतील ल्युसर्नजवळच्या ईबाख पुलाची १९९१ सालीं दुरुस्ती झाली, तेव्हां जेथें १७५ किलो पोलाद लागलें असतें तेथें कार्बनच्या अवघ्या ६.२ किलो पट्ट्यांनीं काम भागलें.

मिश्र तुळईंत प्रत्येक द्रव्याला त्याच्या स्वभावाचें काम दिलेलें असतें. वर दाबासाठीं काँक्रीट आणि खालीं ताणासाठीं तंतूंची पेटी. पण सारें या दोहोंच्या जुळणीवर अवलंबून आहे. दोन वह्या एकीवर एक ठेवून वांकविल्या तर त्या एकमेकींवरून सरकतात आणि सहज वांकतात. त्याच डिंकानें चिकटविल्या तर दाद देत नाहींत. म्हणून पेटीवर बोल्ट बसवितात, किंवा राळ व वाळू यांचा खरबरीत थर देतात. हा सांधा सुटला कीं दोन्ही द्रव्यें मजबूत असूनहि तुळई दुबळी होते.

खरी अडचण मात्र निराळीच आहे. पोलाद तुटण्यापूर्वीं लांबतें. तुळई झुकते, भेगा रुंदावतात आणि घरांतील माणसांना बाहेर पडण्यास अवधि मिळतो. तंतु शेवटच्या क्षणापर्यंत भार निमूटपणें सोसतात आणि एकाएकीं तुटतात. यावर ऊर्स माइअर यांनीं दोन सहकाऱ्यांसह १९९५ सालीं एक रचना मांडली. कांचतंतूंच्या पेटीवर काँक्रीटचा थर आणि पेटीच्या तळाशीं कार्बनची पातळ पट्टी. कार्बन कमी लांबतो, म्हणून तोच प्रथम तुटतो. तुळई स्पष्टपणें झुकते, पण कांचतंतु उरलेला भार धरून ठेवतात. धोक्याची घंटा तुळईच्या आंतच बसविल्यासारखें हें आहे.

मुंबईंतील जुन्या इमारतींच्या दुरुस्तींत खांबांना व तुळयांना अशा पट्ट्या चिकटविल्या जातात. त्या ठिकाणीं दोन गोष्टी विसरतां कामा नये. आंतील गंज साफ न करतां वरून पट्टी चढविली तर दुखणें झांकतें, बरें होत नाहीं. शिवाय ही राळ बहुधा १०० अंशांच्या आंतच मऊ होऊं लागते, म्हणून आगीपासून तिचें रक्षण करावें लागतें. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी मुंबईंत कायद्यानेंच आवश्यक आहे. त्या वेळीं सभासदांनीं केवळ खर्चाचा आंकडा न विचारतां अभियंत्याला इतकें अवश्य विचारावें: आंतला गंज काढला काय, राळेला आगीपासून संरक्षण कोणतें, आणि ही तुळई मोडण्यापूर्वीं आम्हांला काय दिसेल?