ताठ मानेचा लसूण : थंडीची गरज आणि वाणाची निवड

लसणाचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. पहिल्याची मान मऊ असते. पीक तयार झाले की पात पिवळी पडून लवते आणि गड्ड्यांच्या वेण्या घालता येतात. दुसऱ्यात गड्ड्याच्या मधोमध टणक दांडा उभा राहतो, त्याच्या शेंड्यावर बारीक कंदिकांचा गुच्छ धरतो व दांड्याभोवती मोजक्याच, पण भरदार पाकळ्या बसतात. कॅनडात लोकप्रिय असलेला ‘म्युझिक’ हा वाण या दुसऱ्या कुळातील. त्याच्या गड्ड्यात बहुधा ४ ते ६ पाकळ्या असतात. बारीक पाकळ्या सोलून ज्यांची नखे दुखतात, त्यांना त्याचा मोह पडणे स्वाभाविकच आहे.

मात्र हा लसूण थंडीवाचून पोसत नाही. शरद ऋतूत लावलेली पाकळी मुळे धरते आणि बर्फाखाली हिवाळा काढते. सुमारे १० अंश सेल्सिअसहून कमी तापमानाचे काही आठवडे मिळाले, तरच पुढे पाकळ्या फुटण्याची प्रक्रिया सुरू होते. त्यानंतर लांब दिवस हवेत. दक्षिण कॅनडात जूनमध्ये दिवस १५ तासांहून मोठा असतो. दांडा वळसा घेऊ लागताच तो खुडतात, म्हणजे अन्नरस गड्ड्याकडे वळतो. खुडलेल्या कोवळ्या दांड्याची भाजीही होते.

आता तमिळनाडूतील कुंभकोणमजवळचे इन्नंबूर पाहावे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा भातशेतीचा मुलूख. येथे भर हिवाळ्यातही पहाटेचे तापमान साधारणतः २० अंशांच्या आसपास राहते आणि वर्षातील सर्वांत मोठा दिवस जेमतेम पावणेतेरा तासांचा. लागवडीच्या दिवसांतच ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो. भारी जमिनीत पाणी साचून पाकळी कुजते. जगलेच तर रोप पात वाढवते, गड्डा धरत नाही. किंवा पाकळ्यांत न विभागलेली एकच गाठ हाती येते.

त्याच राज्यात कोडाईकनालच्या डोंगरावर, सुमारे २,१०० मीटर उंचीच्या परिसरात, लसूण उत्तम येतो. तेथील ‘मलै पूंडू’ला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण डोंगर उंच असला तरी अक्षांश तेच. दिवस तेथेही लहानच. म्हणून तेथे टिकले ते पिढ्यान्‌पिढ्या त्या हवेला सरावलेले स्थानिक लसूण.

आपल्याकडेही हाच भेद लागू पडतो. ‘ॲग्रीफाउंड पार्वती’ हा मोठ्या पाकळ्यांचा, लांब दिवसांचा वाण उत्तरेकडील डोंगराळ भागासाठी आहे. महाराष्ट्राच्या रब्बी हंगामासाठी राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचा ‘भीमा पर्पल’ उपयुक्त ठरतो. त्याच्या पाकळ्या लहान आणि संख्येने अधिक, पण सपाटीवरील थंडी त्याला पुरते.

लसणाची लागवड पाकळ्यांनीच होते व हेक्टरी सुमारे ५०० किलो बेणे लागते. ते महाग असते, आणि चूक कळेपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो. बाजारातील टपोरा डोंगरी लसूण बेण्यासाठी उचलण्यापूर्वी तो कोठे पिकला, हे शेतकऱ्याने विचारून घ्यावे.